सोनोग्राफीचे शिक्षण : पडद्यावरचे आणि हाताचे

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि एम.बी.बी.एस.चे वर्गही मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले. वसई-विरारहून मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांची लोकलमधील रोजची चेंगराचेंगरी तेवढ्यापुरती टळली. साथ ओसरली, वर्ग पुन्हा भरले. परंतु जे पडद्यावर शिकविता येते त्यासाठी इमारती आणि अध्यापक यांवर खर्च कशाला, हा प्रश्न मागे उरला. सोनोग्राफीच्या बाबतीत तरी त्याचे उत्तर घाईने देऊ नये.

यकृत कसे दिसते, पोटात साठलेले पाणी काळे का दिसते, पित्ताशयातील खड्यामागे सावली का पडते, हे घरी बसून उत्तम शिकता येते. किंबहुना वर्गापेक्षा चांगले; कारण तीच चित्रफीत दहा वेळा पाहता येते. हाताचे तसे नाही. प्रोब किती दाबावा, किती कलता धरावा, बरगड्यांमधली फट कशी शोधावी, रुग्णाला श्वास केव्हा रोखायला सांगावा, हे जाणत्याने शेजारी उभे राहून हात दुरुस्त केल्याखेरीज येत नाही. क्ष-किरणाची फिल्म तंत्रज्ञ काढतो व डॉक्टर वाचतो. आपल्याकडील सोनोग्राफीत मात्र चित्र घेणारा आणि वाचणारा बहुधा एकच असतो. चित्रच भलत्या जागेचे घेतले गेले, तर वाचणाऱ्याची विद्वत्ता काय कामाची?

परदेशांत मोबाइलला जोडता येणारे छोटे प्रोब विद्यार्थ्यांना देऊन दुरून मार्गदर्शन करण्याचे प्रयोग झाले आहेत. येथे तो मार्ग मोकळा नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. पुढे १९९४ च्या केंद्रीय कायद्याने यंत्राची जागा आणि ते वापरणाऱ्याची पात्रता या दोहोंवर बंधने घातली. डॉक्टरांना हा जाच वाटतो, आणि तो काही अंशी आहेही. पण २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८९४. ही बंधने सैल करा असे म्हणण्यापूर्वी हा आकडा आठवावा.

तेव्हा प्रश्न उरतो तो खर्चाचा. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये रंगभूमी व संगीत यांच्या अर्थकारणावरील ग्रंथात दाखवून दिले, की चौघांनी वाजवायची संगीतरचना तिघांत वा निम्म्या वेळात उरकून उत्पादकता वाढत नाही. सोनोग्राफीचा हात घडविणे याच जातीचे आहे. एक व्याख्यान पाचशेंनी ऐकले काय आणि पाच हजारांनी काय, खर्च जवळपास तोच. प्रोब मात्र एका वेळी एकाच विद्यार्थ्याच्या हाती असतो. म्हणून व्याख्यानांतून वाचलेला वेळ व पैसा प्रोबपाशी वळविला पाहिजे. प्रत्यक्षात ही बचत अध्यापकांची पदे रिकामी ठेवण्याचे निमित्त होण्याची भीती अधिक. हिशेबाच्या वहीत दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात!

२०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखविणे आणि स्वतंत्रपणे करणे अशा पायऱ्या आखलेल्या आहेत. पडदा दुसऱ्या पायरीपर्यंत पोचवितो. पुढच्या दोन पायऱ्यांची उणीव महाविद्यालयाच्या ताळेबंदात कोठेच उमटत नाही. ती उमटते ते जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांत, गर्भाशयाबाहेर गर्भ राहिलेल्या किंवा वार खाली असलेल्या बाईच्या बाबतीत. कारण तेथून योग्य जागी पोचेपर्यंत तास निघून जातात.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र झाला. एका टोकाला वसई-विरारची दाट वस्ती, दुसऱ्या टोकाला हे पाडे. वसई-विरारमधील नोंदणीकृत सार्वजनिक रुग्णालयांत सकाळच्या वेळी चार-चार विद्यार्थ्यांची तुकडी, रुग्णाच्या संमतीने आणि जाणत्या डॉक्टराच्या देखरेखीखाली बसविता आली, तर वाचलेल्या व्याख्यानांचे चीज होईल. निदान प्रत्येक महाविद्यालयाने एवढे तरी जाहीर करावे, की वर्षभरात त्याच्या एका विद्यार्थ्याने किती तास प्रोब हातात धरला.