वानखेडे सोडण्याआधी मुखेडकडे पाहा!

मुंबईच्या क्रिकेटला वानखेडे स्टेडियम आता अपुरे पडू लागले आहे! ४ जुलै २०२४ रोजी विश्वविजेत्या संघाच्या मिरवणुकीला मरीन ड्राइव्हवर जनसागर लोटला. त्यानंतर तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी एक लाख प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियमची गरज बोलून दाखवली. ठाणे जिल्ह्यातील आमणेचे नावही पुढे आले. जुने दुरुस्त करून वापरावे की सोडून जावे, असा हा प्रश्न आहे. मुखेडच्या पोरांचा त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे. शासनाची जमीन म्हणजे जनतेची जमीन.

इतिहास काय सांगतो? ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ साली उभे राहिले. तेथील जागांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांचे बिनसले, आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे बांधले गेले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिली कसोटी झाली. २०११ च्या विश्वचषकासाठी त्याचीच पुनर्बांधणी झाली. मात्र अंतिम सामन्याला सुमारे ३३ हजार आसनांपैकी सामान्यांना विकायला तिकिटे किती? अवघी ४ हजार! म्हणजे दुखणे खुर्च्यांच्या संख्येत नाही, वाटपात आहे. वाटप हेच राहिले तर लाखाच्या स्टेडियमातही बहुजन समाज फाटकाबाहेरच राहणार.

असोसिएशन स्वतःच्या पैशाने बांधेल, असे कोणी म्हणेल. बांधू दे. पण जमीन कोणाची? इकडे लेंडी प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे रखडले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील गावांत पाणी शिरले, माणसे दगावली. स्टेडियमसाठी दिसणारी तत्परता तेव्हा कुठे होती?

बाळू पालवणकर पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखत होते. तेथे चेंडू हाती आला म्हणून जगाला त्यांची गोलंदाजी कळली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही जातीपायी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना नाकारले गेले. आज वस्तीतल्या पोराच्या हाती चेंडू आहे, पण टाकायला मैदान कुठे आहे?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. वानखेडे दुरुस्त करा, वापरा. नव्या स्टेडियमला जमीन द्यायचीच असेल तर निम्मी तिकिटे खुल्या विक्रीची अट आधी लिहून घ्या. आणि त्याआधी प्रत्येक तालुक्यात, वस्तीतून चालत जाता येईल असे एक सपाट मैदान, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह द्या. हे दान नव्हे, हक्क आहे!