श्रावकाच्या घरातील गणवेश

तरुण सैन्यात का जातात, या प्रश्नाला ‘देशभक्ती’ असे एका शब्दाचे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. ते खोटे नाही, अपुरे आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे किंवा शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी या गावांतला मुलगा पहाटे उठून धावू लागतो, तो कोणाचे भाषण ऐकून नव्हे. आजोबा सैन्यात होते, चुलते आहेत. सुट्टीवर आलेल्या जवानाला गाव कसा मान देते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. शिवाय शेतीचे तुकडे पडत गेले की दरमहाचे वेतन आणि पुढची पेन्शन हा घराचा मोठा आधार ठरतो. या कारणाला हलके मानणे मला पटत नाही. जवानाच्या खात्यातून गावी नेमाने जाणारी रक्कम मी बँकेत वर्षानुवर्षे पाहिली आहे. तिच्यावर बहिणींची लग्ने झाली, विहिरी खोदल्या गेल्या.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने हा हिशेब बदलला. सेवा चार वर्षांची, त्यानंतर फार तर २५ टक्के अग्निवीर कायम. उरलेल्यांना एकरकमी निधी मिळेल, पेन्शन नाही. तरीही भरतीच्या मैदानावर मुले येतातच. बेरोजगारी हे त्याचे एक कारण आहेच. पण आपण कोणाच्या तरी उपयोगी पडावे, ही त्या वयातील ओढही त्यात असते.

याच शिरोळ तालुक्यात आपल्या समाजाची वस्ती मोठी आहे. आपल्या घरात मात्र मुलाने एनडीएचे नाव काढले की पहिले उत्तर येते, “आपण अहिंसक.” हे उत्तर शास्त्राला धरून आहे का? हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. मुनींना चारही वर्ज्य. अणुव्रती श्रावकाने संकल्पी हिंसेचा त्याग करावयाचा असतो. आक्रमकाला रोखताना घडणारी हिंसा विरोधी हिंसेत मोडते. ती पुण्य ठरत नाही, कर्मबंधही चुकत नाही; पण गृहस्थाला तिची पूर्ण बंदी नाही. श्रवणबेळगोळला ५७ फुटी बाहुबली उभारणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता, आणि आचार्य नेमिचंद्रांनी ‘गोम्मटसार’ रचला तो याच शिष्यासाठी. आपण त्या मूर्तीच्या महामस्तकाभिषेकाला जातो. सेनापती मात्र विसरतो.

खरी कारणे बहुधा निराळी असतात. दुकान कोण सांभाळणार? एकुलता एक मुलगा. आणि आईच्या मनातील भीती, जिच्यापुढे युक्तिवाद थिटे पडतात. आहाराची अडचणही खरी आहे. सैन्यात शाकाहारी भोजन मिळते, पण चौविहार पाळणे अवघड, कंदमुळे टाळणे त्याहून अवघड. ही कारणे लहान नाहीत. ती त्यांच्या नावाने मुलापुढे मांडावीत, म्हणजे त्यालाही उत्तर देता येईल. भीतीला अहिंसा म्हटले, तर सतरा वर्षांच्या मुलाला ते कळते आणि धर्मावरचा त्याचा विश्वास तेवढा उणा होतो.

एनडीएत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. तेव्हा हा प्रश्न आता कन्येकडूनही येईल. उत्तर लांबणीवर टाकण्यासही फारसा अवकाश नाही, कारण साडेसोळा ते साडेएकोणीस एवढीच त्या प्रवेशाची वयोमर्यादा आहे.