डिकसळचा पूल : पाडूही नका, त्यावर ट्रकही घालू नका

करमाळा तालुक्यातलं कोंढारचिंचोली आणि इंदापूर तालुक्यातलं डिकसळ यांच्यामध्ये भीमेवर एक जुना दगडी पूल आहे. बांधला तो रेल्वेसाठी. पुढे उजनी धरणाचं पाणी येणार म्हणून लोहमार्ग दुसरीकडे हलवला, रूळ निघाले आणि त्याच कमानींवरून रस्ता सुरू झाला. जिंती, टाकळी, केत्तूरकडच्या माणसाला भिगवणचा बाजार, बारामतीचा दवाखाना किंवा पुण्याची गाडी गाठायची तर जवळची वाट हीच. 2023 मध्ये पुलाचा काही भाग ढासळला, जड वाहनं बंद झाली आणि नव्या पुलाचं काम मंजूर झालं. आता पारावर चर्चा आहे ती जुन्याचं काय करायचं याची.

एक पक्ष म्हणतो, ‘इंग्रजांचं काम आहे, अजून शंभर वर्षं हलत नाही. डागडुजी करा आणि चालू ठेवा.’ दुसरा म्हणतो, ‘कुणाचा जीव जायच्या आत पाडून टाका.’ पहिल्याला पुलाचा अभिमान आहे, दुसऱ्याला माणसांची काळजी आहे. दोघांच्याही निष्कर्षात खोट आहे.

आधी अभिमानाचं पाहू. पूल 1855 चा, असं सर्रास सांगितलं आणि छापलं जातं. पण खंडाळ्याहून पुण्याला पहिली गाडी आली तीच 1858 च्या जूनमध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे डिकसळपर्यंत पोचली आणि भीमेच्या काठावर थांबली. नदी ओलांडून बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, ती गेली 1859 च्या ऑक्टोबरमध्ये, आणि सोलापूरला 1860 च्या जूनमध्ये. तेव्हा गाडीसाठी पूल तयार झाला तो 1859 ला. चार वर्षांनी काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. पुलाचं काहीच बिघडत नाही. पण ज्याचं जन्मसालसुद्धा आपण तपासून घेत नाही, त्याच्या तब्येतीबद्दल शंभर वर्षांची हमी कशाच्या जोरावर देतो?

आणि ‘इंग्रजांचं काम पडत नाही’ हेही खरं नाही. याच कंपनीचा, याच मार्गावरचा, बोर घाटातला आठ कमानींचा दगडी पूल 1867 च्या जुलैमध्ये कोसळला. घाटमार्ग खुला होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. बांधकाम कच्चं निघालं. मग कंपनीला आपल्या इतर दगडी पुलांचीही तपासणी करावी लागली, कित्येक ठिकाणी पुन्हा बांधावं लागलं. जे पडलं ते विसरलं गेलं, जे उभं राहिलं त्यावरून आपण सगळ्या साहेबांना प्रमाणपत्र देऊन मोकळे झालो.

डिकसळचा पूल शंभराहून अधिक वर्षं गाड्या पेलत राहिला, त्याचं अर्धं श्रेय तरी गँगमनला द्यायला हवं. रुळावर रोज माणूस चालत होता. हातोडीचा ठोका देऊन, वाकून, डोळ्यांनी बघून तो रुळांचा चढ-उतार तपासत होता. दरज उघडली, कमानीत पाणी पाझरलं, भिंतीत पिंपळाचं रोप उगवलं, की ते वर कळवणं हे त्याचं कामच होतं. गाडीचा वेग ठरलेला, वजन ठरलेलं. रूळ गेले आणि हा माणूसही गेला. त्याच्या जागी आला दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आणि रात्रीचा वाळूचा डंपर. त्यांचं वजन पुलाच्या तोंडाशी कोण मोजणार? ‘रेल्वे पेलली, मग ट्रक का नाही पेलणार’ हा युक्तिवाद वजनाची तुलना करतो, देखभाल मात्र हिशेबातच घेत नाही.

उजनीमुळे तर पुलाचं सगळं आयुष्यच बदललं. वाहत्या नदीवर उभा राहण्यासाठी तो बांधला गेला होता. पावसाळ्यात चार पूर यायचे, मग पाणी ओसरायचं आणि खांबांचे पाय उघडे पडायचे. 1980 ला धरण पुरं झालं आणि सुमारे 117 टीएमसीचा जलाशय मागे पसरला. आता वर्षातले कित्येक महिने पायांचा मोठा भाग पाण्याखाली असतो. दगडी कमान दाबाला भक्कम असते. तिचा शत्रू असतो पोटातलं पाणी. दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या मधोमध मुरूम-दगडाचा भराव असतो. त्यात पाणी शिरतं. बाहेरचं पाणी उतरतं, पण भराव ओलाच राहतो आणि आतून भिंतींना बाहेर ढकलतो. दरवर्षी असं भरलं-उतरलं, की दरजांमधला चुना धुपत जातो. वरून डांबराचा थर पडलेला, त्यामुळे प्रवाशाला काहीच दिसत नाही.

इथे लोखंडी कैचीच्या पुलाशी तुलना करायला हवी. भरूचला नर्मदेवरचा गोल्डन ब्रिज 1881 चा. त्यावरूनही आधी रेल्वे गेली आणि शेजारी रेल्वेचा नवा पूल झाल्यावर मोटारी. कैचीच्या पुलात आजार बाहेर दिसतो. गंज चढतो, रिव्हेट सैल होतो, पट्टी वाकते. दुखरी पट्टी काढून दुसरी बसवताही येते. दगडी पूल आजार पोटात ठेवतो आणि एक दिवस भिंत टाकतो. म्हणून त्याच्यावर वाहनं चालू ठेवायची तर तपासणी अधिक कडक हवी होती. आपल्याकडे झालं उलटं : ‘दगड आहे, त्याला काय धाड भरलीय’ म्हणून तपासणी आणखी ढिली. भरूचकरांनी 2021 ला नवा नर्मदा मैया पूल होताच गोल्डन ब्रिजवरची वाहनं थांबवली. डिकसळलाही नवा पूल खुला होईल त्या दिवशी जुन्यावरची चाकं थांबली पाहिजेत. मोटारसायकलसुद्धा नको.

‘मग पाडाच की’, दुसरा पक्ष लगेच म्हणेल. का पाडायचा? एवढा दगड जलाशयात ढासळू द्यायचा की बाहेर काढायचा? काढायचा तर त्याचा खर्च कुणाच्या डोक्यावर? आणि पाडून मिळणार काय? बरं, नव्या पुलावरून सगळी रहदारी सुसाट धावू लागली, की उसाच्या ट्रॅक्टरच्या कडेने सायकलवर शाळेला जाणाऱ्या मुलीने कुठून जायचं? आपल्याकडच्या हमरस्त्यावरच्या पुलांना पदपथ असतो, पण त्यावर एकतर केबल असते नाहीतर खडी. जुना पूल तिला मोकळा मिळाला, तर वेगळ्या पदपथावर पैसा घालायची गरज नाही.

उजनीच्या काठावर पाणी ओलांडण्याचा प्रश्न हौसेचा नाही. 21 मे 2024 ला संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. समोर दिसणाऱ्या गावाला जायला जमिनीवरून मोठा वळसा पडतो, म्हणून माणसं बोटीत बसतात. अशा मुलखात पायी ओलांडता येईल असा एक पूल हाती असताना तो सुरुंगाने उडवायचा, याला काळजी म्हणवत नाही.

पुण्यात बंडगार्डनचा 1869 चा फिट्झजेराल्ड पूल शेजारी नवा पूल असल्याने वाहनांतून सुटला. आज तिथे माणसं फिरतात. अमेरिकेत हडसन नदीवरचा पोकीप्सीचा 1889 चा पोलादी रेल्वेपूल 1974 च्या आगीनंतर बंद पडला आणि पस्तीस वर्षं तसाच उभा होता. 2009 मध्ये तो चालणाऱ्यांसाठी खुला झाला, आणि त्यासाठी आधी धडपडले ते काठावरचे नागरिक. आपल्याकडे काठावर माणसं कमी नाहीत. भिगवणच्या बाजारात चिलापी, मरळ घेऊन येणारे मच्छीमार आहेत. हिवाळ्यात कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांची रीघ असते आणि त्यावर बोटवाल्यांचं घर चालतं. करमाळ्याच्या काठाला या येण्याजाण्यातून फारसं काही मिळत नाही. पायी पूल झाला तर तिकडचीही चार घरं चहा-भाकरी विकतील.

आता माझ्याच बाजूच्या उत्साही मंडळींना आवरायला हवं. ‘सेल्फी पॉइंट करा, काचेची गॅलरी लावा, माणसांचं वजन ते काय’ असं म्हणणाऱ्यांनी कुंडमळा आठवावा. 15 जून 2025 च्या रविवारी मावळात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. तो पूल धोकादायक असल्याचं आधीच माहीत होतं. सूचना होती, अडवणारं कुणी नव्हतं. दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या माणसांचं वजन दर चौरस मीटरला 400 ते 500 किलो धरावं लागतं, म्हणजे पूल भरून गर्दी झाली तर ती मोकळ्या रस्त्यावरच्या गाड्यांपेक्षा हलकी असेलच असं नाही. म्हणून चाकं थांबवली की काम संपत नाही. भराव उपसून पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, दरजा पुन्हा भरणं, ढासळलेली भिंत त्याच घडीच्या दगडात उभारणं, पाण्याखालच्या पायांची पाणबुड्यांकडून तपासणी, हे आधी. बाक आणि दिवे त्यानंतर. दोन्ही टोकांना दुचाकी शिरणार नाही असे खांब, आणि गर्दीच्या दिवशी माणसं मोजून सोडणारा पहारेकरी.

सगळ्यात अवघड गोष्ट पैशाची नाही, नावाची आहे. पुलाचं एक टोक सोलापूर जिल्ह्यात, दुसरं पुण्यात. बांधला रेल्वेने, पाणी जलसंपदा खात्याचं, रस्ता आणखी कुणाचा. अशा पुलाची फाईल प्रत्येक टेबलावर ‘आपल्याकडे नाही’ या शेऱ्याने पुढे सरकते. जुना पूल कोणत्या एका खात्याचा, हे नवा पूल सुरू होण्याआधी लेखी ठरलं नाही, तर त्याला ना गँगमन मिळेल ना पहारेकरी. मग तो न पाडताच पडेल.

तेव्हा कोंढारचिंचोली आणि डिकसळच्या ग्रामसभांना एक विनंती. नव्या पुलाच्या उद्घाटनाला पुढारी येतीलच, हारतुरेही होतील. त्या तारखेआधी दोन्ही गावांनी सारख्या मजकुराचा ठराव करून दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा : जुन्या पुलावर वाहनबंदी, पायी आणि सायकलीने ये-जा, दरवर्षी पावसाळ्यानंतर तपासणी, तिचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर, आणि या सगळ्याला जबाबदार अशा एका खात्याचं नाव. नाव लिहून मिळेपर्यंत फीत कापू देऊ नका.