गोदीच्या भिंतींवरील चेहरे

मुंबईच्या कुलाबा भागात ससून डॉक नावाची जुनी गोदी आहे. बगदादहून आलेल्या ससून घराण्याने ती बांधली. १८७५ साली ती सुरू झाली. कापसाच्या व्यापारात या घराण्याने अमाप पैसा मिळवला. (अफूच्या व्यापारातही मिळवला, हे विसरू नये.) पुढे ससून डॉक मासळीचा मोठा बाजार झाला. आजही पहाटेच्या अंधारात तेथे लिलाव सुरू होतो. बर्फ फोडला जातो, टोपल्या उचलल्या जातात आणि बायका ओळीने बसून कोळंबी सोलतात.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये या गोदीच्या जुन्या गोदामांत कलेचे प्रदर्शन भरले. भिंतींवर तेथेच राबणाऱ्या कोळी स्त्री-पुरुषांचे भलेमोठे चेहरे झळकले. एरवी मासळीच्या वासाने नाकाला रुमाल लावणारी मंडळी हौसेने आत गेली. २०२२ च्या अखेरीस तेथे पुन्हा असाच महोत्सव झाला.

मला ही गोष्ट आवडली. चित्रे आली, पण मासळीचा बाजार उठला नाही. इंग्लंडमधील लिव्हरपूलची अल्बर्ट गोदी १९७२ साली बंद पडली आणि १९८८ साली तेथे कलादालन उघडले. तेथील काम आधीच संपले होते. ससून डॉकमध्ये मात्र शेकडो लोकांची भाकरी आजही त्या धक्क्यावर आहे. म्हणून तेथे कलेने पाहुणी म्हणून यावे, मालकीण होऊ नये.

मालकी बदलली की काय होते, ते मुंबईच्या गिरणगावात दिसते. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली. त्यांच्या जागांवर कचेऱ्या आणि मॉल उभे राहिले. फिनिक्स मिलची चिमणी तेवढी मॉलच्या आवारात उभी आहे. काही जण म्हणतात, रिकाम्या जागेतून पैसा आणि रोजगार मिळाला तर बिघडले कोठे? बिघडले काहीच नाही. पण नुसत्या चिमणीवरून कामगाराचे आयुष्य कसे कळणार?

आमच्या नांदेडला समुद्र नाही, गोदावरी आहे. येथे निजामाच्या काळातील उस्मानशाही मिल होती. १९७४ साली केंद्र सरकारने देशातील आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या, त्यांत तीही होती. पुढे ती बंद पडली. अशा गिरणीच्या एखाद्या खोलीत चित्रे जरूर लावावीत, पण शेजारी कामगारांच्या आठवणीही मराठीत आणि उर्दूत लिहून ठेवाव्यात. तुमच्या मोहल्ल्यात गिरणीत काम केलेले कोणी आजोबा असतील, तर साचा कसा चालवत, हे त्यांना या सुट्टीतच विचारा.