गडाची धोका पातळी

पंचगंगा फुगू लागली की कोल्हापूरचे सारे लक्ष राजाराम बंधाऱ्याकडे लागते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे तेथील शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीने ५५ फुटांची रेघ ओलांडली, २०२१ च्या जुलैत ५६ फुटांची. मात्र २०२१ च्या त्याच पावसात, जेथे पुराचे पाणी कधीच पोहोचणार नाही त्या पन्हाळ्याचा मुख्य रस्ता चार दरवाजाजवळ खचला आणि गडावरील वाहतूक तुटली. पन्हाळा केवळ सहलीचे ठिकाण नव्हे. ते तालुक्याचे गाव आहे. रस्ता तुटतो तेव्हा पायथ्याच्या खेड्यांची कचेरीही तुटते.

गडाच्या माथ्यावर जांभा, त्याखाली काळा पाषाण. सच्छिद्र जांभ्यातून झिरपलेले पाणी खालच्या थरावर अडते, उतारावरील माती जड होते आणि एके रात्री सुटते. नदी निदान फुटाफुटाने चढते. डोंगराला तेवढाही धीर नसतो. तरी मोजपट्टी आहे ती नदीलाच.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने पन्हाळ्याला जागतिक वारशात स्थान दिले. गर्दी वाढेल, बांधकामेही वाढू पाहतील. तटबंदीची काळजी वाहणाऱ्यांनी तिच्याखालचा उतार आधी पाहावा. मे महिन्यात मोऱ्या मोकळ्या करणे, भेगांवर नजर ठेवणे आणि चोवीस तासांत किती पाऊस पडला म्हणजे रस्ता बंद, तो आकडा तज्ज्ञांकडून ठरवून वाघबिळापाशी ठळक लिहिणे, एवढ्यासाठी नवी समिती नेमण्याचे कारण नाही.