काळं तेल कुठे ओतणार?

गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा माझ्या बाइकचं इंजिन ऑइल घरीच बदललं. राहायचं त्र्यंबकला आणि कॉलेज नाशिकला, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे साठेक किलोमीटर. तेल बदलायची वेळ पटकन येते. दर वेळी सर्व्हिस सेंटरला अर्धा दिवस घालवायचा आणि बिलात तेलाखाली मजुरी न् काय काय किरकोळ जोडलेलं बघून गप्प बसायचं, याचा कंटाळा आला होता.

काम खरंच अवघड नाही. इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करायचं, गाडी मेन स्टँडवर घ्यायची, खाली घमेलं ठेवून ड्रेन बोल्ट पान्याने खोलायचा. तेल निथळलं की वॉशर तपासून बोल्ट परत बसवायचा. फार जोर लावलात तर आटे जातात आणि वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो. मग नरसाळ्याने नवीन तेल. किती आणि कोणत्या ग्रेडचं, ते मॅन्युअलमध्ये असतं. घरात कारचं तेल आहे म्हणून तेच ओतू नका. गिअरच्या बहुतेक बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच फिरतो, चुकीच्या तेलाने तो घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ लिहिलंय का बघा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी त्याच्या अटी वाचा.

हात काळे झाले, पण मन खूश! मग घमेल्याकडे लक्ष गेलं. लिटरभर काळंकुट्ट तेल. शेजारचे काका सहज म्हणाले, “दे गटारीत सोडून.”

आपल्या गावात हे ‘सहज’ कसं चालेल? ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम. गावातलं पाणी उताराने शेवटी तिच्याकडेच जाणार. पुढे नाशिक, पैठण, नांदेड, असा सुमारे १४६५ किलोमीटरचा प्रवास. वापरलेल्या तेलात धातूचे कण असतात, जळलेल्या इंधनाचा गाळ असतो. पाण्यावर त्याचा तवंग पसरतो आणि खालच्या जिवांचा ऑक्सिजन तोडतो. म्हणूनच २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं. २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदा स्वच्छ हवी असं आपण सगळेच म्हणतो. मग उगमापाशीच लिटरभर तेल सोडून नगरपालिकेला नावं ठेवायचा हक्क राहतो का?

माझं म्हणणं साधं आहे. तेल स्वतः बदला, जरूर बदला. गाडी कळते, पैसे वाचतात. पण सर्व्हिस सेंटरची मजुरी वाचवली की जुन्या तेलाची जबाबदारीही आपल्याकडे येते. ती झटकायची असेल तर मुकाट्याने बिल भरलेलं बरं.

मी ते तेल नवीन तेलाच्या रिकाम्या डब्यात भरलं, झाकण घट्ट लावलं आणि नाशिकला नेलं. दोन गॅरेजवाले नाही म्हणाले. तिसऱ्याने त्याच्या ड्रममध्ये ओतून घेतलं. कुठे जातं विचारलं, तर रिसायकलवाला येऊन नेतो म्हणाला. त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळू नको, एवढंच त्याने बजावलं.

तेल बदलायला अर्धा तास लागला होता, ते पोहोचवायला दोन तास. पुढच्या वेळी आम्ही चार मित्र एकाच कॅनमध्ये जमवून नेणार आहोत. तुमच्या ग्रुपमध्ये कॅन कोण ठेवणार?