आधी छत मोजा, मग दिवा घ्या
स्तंभ : घरातलं शेत

घरात भाजी लावू पाहणाऱ्या वाचकांची पत्रं हल्ली दिव्यापासून सुरू होतात. शंभर वॅटचा घेऊ की दोनशेचा, जांभळा बरा की पांढरा, ऑनलाइन स्वस्त मिळतोय तो चालेल का? खोलीची उंची या पत्रांत क्वचितच असते. सगळं ठरतं ते मात्र त्या उंचीवर. छत बुटकं असेल तर पीक कोणतं, मांडणीचे कप्पे किती, दिवा कोणत्या घडणीचा आणि विजेचं बिल किती, ही चारही उत्तरं मोजपट्टीच देते.

शहरातल्या घरात या कामाला मोकळी सापडते ती बहुधा कोठीची खोली किंवा पोटमाळा. राहत्या खोलीची उंची नियमाने किमान २.७५ मीटर असावी लागते, कोठीच्या खोलीला २.२ मीटर चालते. म्हणजे सव्वासात फूटसुद्धा नाही. आता या २२० सेंटिमीटरचा हिशेब मांडू. फरशी पुसता यावी आणि सांडलेलं पाणी ट्रेला लागू नये म्हणून खाली वीस सेंटिमीटर सोडायचे. ट्रे किंवा पाण्याची टाकी आणखी वीस. वर दिव्याची जाडी आणि त्याची उष्णता निघून जायला मोकळी जागा, मिळून पंधरा. उरले १६५. एकच प्रखर दिवा टांगला तर त्याचा उजेड पसरण्यासाठी पानापासून निदान पन्नास सेंटिमीटर अंतर हवं. झाडाच्या वाट्याला उरले ११५. दोरीवर चढणारा टोमॅटो किंवा काकडी एवढ्यात मावत नाही. शेंडे खुडत बसाल, पानं दिव्याला टेकून करपतील आणि फळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं येईल. सव्वासात फुटी खोलीत वेलवर्गीय पिकाच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रखर दिवा बुटक्या खोलीत का फसतो, हे नीट समजून घ्यायला हवं. छोट्या जागेत एकवटलेल्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा. उंच छताखाली याची झळ लागत नाही, कारण दिवा मुळात लांब असतो आणि झाड वीतभर वाढलं तरी फारसा फरक पडत नाही. आपल्या खोलीत दिवा पानापासून तीस सेंटिमीटरवर असेल आणि झाड पंधराने वाढलं, तर शेंड्यावरचा उजेड थेट चौपट होतो. मधली रोपं करपतात, कडेची उजेडाच्या ओढीने लांबुळकी होतात. हॉलंडच्या आधुनिक काचघरांत पन्हाळीच सहा-सात मीटरवर असते. तिथल्या पिवळ्या सोडियम दिव्यांचे सल्ले आपल्या कोठीत आणून उपयोग नाही. ते दिवे उष्णता थेट पानावर फेकतात, त्यांना अंतर लागतंच.

आपण शिकायचं ते अवकाश स्थानकाकडून. २०१४ मध्ये नासाने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर ‘व्हेजी’ नावाची छोटी लागवड-पेटी पाठवली. लाल, निळे आणि हिरवे एलईडी एका सपाट झाकणात बसवलेले आणि रोपं वाढतील तसं ते झाकण वर सरकवायची सोय. ऑगस्ट २०१५ मध्ये अंतराळवीरांनी तिच्यात वाढलेलं लाल रोमेन लेट्यूस खाल्लं. जपानमध्ये चिबा विद्यापीठाच्या तोयोकी कोझाई यांनी ज्या बंदिस्त ‘वनस्पती कारखान्यां’चा पाया घातला, तिथेही हेच तत्त्व आहे : बुटके कप्पे, एकावर एक, आणि प्रत्येक कप्प्याला स्वतःचे सपाट, मंद, लांब दिवे. लांब पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या की एका पट्टीपासून दूर गेलेल्या पानाला शेजारच्या पट्टीचा उजेड मिळतो. उजेड सारखा पसरतो आणि दिवा पानापासून वीतभर अंतरावर आणता येतो. दोन पट्ट्यांमधलं अंतर पट्टी आणि पान यांच्यातल्या अंतरापेक्षा जास्त ठेवू नका, एवढं पथ्य पाळलं तरी निम्मं काम झालं.

आता लेट्यूस किंवा पालकाचा कप्पा घ्या. ट्रे आठ सेंटिमीटर, रोप पंचवीस, पान ते दिवा पंधरा, दिवा चार. बेरीज बावन्न. खालचे वीस सोडून उरलेल्या दोनशेत तीन कप्पे ऐसपैस बसतात आणि वरच्या दिव्याची उष्णता निघून जायला छताखाली जागा राहते. चौथा कप्पा कोंबायचा मोह होईल. तो आवरा, कारण छताला चिकटलेला कप्पा सगळ्या खोलीची ऊब झेलतो आणि तिथलं पाणी तपासायला रोज स्टूल लागतं. मेथी, मोहरी, मुळा यांचे कोवळे कोंब, म्हणजे मायक्रोग्रीन्स, घ्यायचे असतील तर कप्पा अडतीस-चाळीसमध्ये होतो. अशा खोलीत पहिलं पीक हेच घ्यावं.

उजेड किती लागतो? वॅट म्हणजे दिवा खातो ती वीज. पानावर पडणारा कामाचा उजेड दर चौरस मीटरला, दर सेकंदाला किती मायक्रोमोल, असा मोजतात. मायक्रोग्रीन्सला शंभरच्या आसपास पुरे. लेट्यूसला दोनशे धरा आणि सोळा तास द्या, म्हणजे दिवसाचे साडेअकरा मोल होतात. घरच्या ताटापुरतं पीक त्यावर चांगलं येतं. हे मोजायचं खास यंत्र महाग असतं, पण पांढऱ्या एलईडीखाली साधा लक्समीटर चालतो : आलेला आकडा सुमारे ६७ ने भागायचा. दोनशे मायक्रोमोल म्हणजे तेरा-साडेतेरा हजार लक्स. जांभळ्या दिव्याखाली हा भागाकार लागू होत नाही. मोजताना मीटर पानाच्या उंचीवर धरा आणि कप्प्याच्या चारही कोपऱ्यांत फिरवा. मधला एकच आकडा खोटा दिलासा देतो.

विजेच्या दुकानात मिळणारी चार फुटी, २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूबपट्टी या कामाला चालते. चार बाय दोन फुटांच्या कप्प्याला मायक्रोग्रीन्ससाठी अशा तीन, लेट्यूससाठी सहा-सात. पांढऱ्यातही ‘कूल डे-लाइट’, म्हणजे ६५०० केल्विनची घ्या. तिच्यात निळा प्रकाश जास्त असतो आणि निळ्या प्रकाशात रोप आखूड, ठेंगणं राहतं. बुटक्या खोलीला हेच हवं. भिंतींना साधा मॅट पांढरा रंग द्या. चुरगळलेला फॉइल कागद चिकटवायची गरज नाही, त्याने उजेडाचे ठिपके पडतात.

सहा पट्ट्यांचा कप्पा म्हणजे १२० वॅट. सोळा तासांचे जवळजवळ दोन युनिट, महिन्याला ५८. तीन कप्प्यांचे १७३. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटनंतर वरचा टप्पा लागतो, म्हणजे या दिव्यांची बरीच वीज महागड्या दराने येणार. खास शेतीसाठीच्या चांगल्या पट्ट्या तेवढाच उजेड निम्म्याहून थोड्या जास्त विजेत देतात. म्हणून रोज पिकवायचं असेल तर त्यांची जास्त किंमत वसूल होते, हौसेपुरतं असेल तर साध्या पट्ट्या घ्या. आणि दिव्यात गेलेली सगळी वीज अखेर खोलीत उष्णता होऊन उरते, हे विसरू नका. मे महिन्यात दिवे संध्याकाळी लावून सकाळी बंद करा. रोपाला रात्र कधी आली याने फरक पडत नाही, तुमच्या खोलीला पडतो. एक छोटा पंखा सतत पानांवर हलका वारा देत राहू द्या. वारा नसेल तर लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि त्यांच्या कडा जळतात. दोष मात्र दिव्याला दिला जातो.

बुटक्या खोलीत डोकं, ओले हात आणि दिवा फार जवळ असतात. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय पहिलं बीही टाकू नका.

केशराबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण बंद खोलीत केशर पिकवण्याची स्वप्नं सध्या जोरात विकली जात आहेत. केशराचं फूल कंदात साठलेल्या अन्नावर येतं. काश्मीरमध्ये कंद खोलीत ट्रेमध्ये ठेवून, मातीपाण्याशिवाय फुलवतात आणि फुलं खुडल्यावर ते पुन्हा शेतात लावतात. उन्हाची खरी गरज त्यानंतर असते, हिवाळाभर, पानांना, पुढच्या वर्षीचे कंद पोसण्यासाठी. ठासून भरलेल्या बुटक्या कप्प्यांत, मिणमिणत्या जांभळ्या पट्टीखाली कंद पोसत नाहीत आणि लहान राहिलेला कंद फुलत नाही. पहिल्या वर्षी खोलीत उमललेलं फूल ही विकत घेतलेल्या कंदाची पुंजी असते. ते दाखवून कुणी प्रशिक्षण आणि कंद विकत असेल, तर त्याच कंदांपासून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी किती फूल आलं ते विचारा.

दिवा विकणाऱ्यालाही एक प्रश्न विचारा : माझ्या कप्प्याच्या मापावर, पंधरा-वीस सेंटिमीटर अंतरावरून, मध्यभागी आणि कोपऱ्यांत किती मायक्रोमोल पडतात? चांगले उत्पादक असा तक्ता छापतात. ज्याच्याकडे तो नाही आणि जो फक्त वॅटचा आकडा पुढे करतो, त्याचा दिवा घेऊ नका.